गुराढोरांचं लगीन मोडलं

लग्नं जुळवून देणाऱ्या बायकांना आमच्या मूल गावात फार मान असतो. कुठल्याही कार्यात त्यांना पुढची खुर्ची, पहिला चहा, आणि नवरदेव पुढे कामाचा निघाला नाही तरी दोष त्यांच्याकडे जात नाही. मला हा मान कधी मिळाला नाही. सख्ख्या पुतण्याची सोयरीक जमवायला एकदा गेले होते, ती चहा निवायच्या आत मोडून परत आले. पण शब्दांच्या सोयरिकी मी पुष्कळ जमवल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते चौथी शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, आणि कोणी विचारलं की बाई, तुमच्या हातचा विषय कोणता, तर मी जोडशब्द म्हणते. लोकांना वाटतं, बाई थट्टा करतात.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जोडशब्दांत शिकवायचं काय? घरदार, केरकचरा, कपडालत्ता, फळ्यावर लिहा, पाठ करून घ्या, मोकळे व्हा. पण पहिलीतलं मूल एकेक शब्द धरून चालतं. घर म्हटलं की घर, दार म्हटलं की दार. घरदार म्हटलं की ते थबकतं, कारण आता त्यात चूल आली, माणसं आली, आणि सोडून जायची वेळ आली तर होणारं दुःखही आलं. दोन शब्द शेजारी बसवले की दोघांपेक्षा जास्त काहीतरी तयार होतं, हे पोराला ज्या दिवशी कळतं त्या दिवशी त्याचा चेहरा बघावा. मी तो बघायलाच नोकरी केली म्हणा ना.

काही जोड्यांत तर दुसरा शब्द नुसता सोबतीला आलेला असतो. रैनू नावाचं एक तोंडाळ पोरगं होतं माझ्या वर्गात. त्यानं विचारलं, "बाई, भांडे माह्या घरी हायेत. कुंडे कुठी असतेत?"

मी म्हटलं, "तू बाजाराला जातोस तेव्हा तुझा लहान भाऊ कशाला येतो?"

"तसाच. मांगं मांगं येते."

"काही उचलतो का?"

"नाई जी. उलट त्यालेच उचलून आना लागते."

"मग कुंडीचंही तसंच आहे."

त्याला ते इतकं पटलं की त्यानंतर महिनाभर तो भावाला कुंडीच म्हणत होता. त्याची आई भांडायला आली होती, ते वेगळं.

माझी शाळा होती ते गाव धानोऱ्याच्या पुढे, डांबरी सडक संपल्यावर आणखी बरंच आत. सगळी घरं गोंडांची. दोन खोल्यांची शाळा, पुढे ओसरी, अंगणात मोहाचं झाड आणि शिक्षक म्हणून मी एकटी. सोमवारी पहाटेच्या बसनं मूलहून निघायची ती शनिवारी परत. पोरांच्या घरी गोंडी बोलायचे. मराठी त्यांना बाजारात आणि शाळेत भेटायची. मला गोंडी शेवटपर्यंत तुटकीच आली, याची मला आजही चुटपुट लागते. पोरं मराठीत माझ्यापुढे निघून गेली आणि मी गोंडीत तिसरीच्या वर चढले नाही.

रैनूच्याच वर्गात, दुसरीत, सोमारी होती. देवसूची मुलगी. काळीसावळी, टपोऱ्या डोळ्यांची, सगळं बघणारी. दीड वर्ष शाळेत येत होती आणि मराठीचा एक शब्द तिच्या तोंडून निघालेला नव्हता. गोंडीत बोलायची, तेही हळू, शेजारच्याच्या कानात. मी सांगितलेलं सगळं करायची. पाणी आण म्हटलं की आणायची, फळा पूस म्हटलं की पुसायची, चित्र काढ म्हटलं की माझ्यापेक्षा बरं काढायची. बोल म्हटलं की पायाच्या अंगठ्यानं जमीन कोरत बसायची.

धानाची कापणी सुरू झाली त्या दिवसांत देवसू शाळेत आला. हातात विळा, डोक्याला दुपट्टा. ओसरीच्या कडेला बसला आणि म्हणाला, "बाई, धान चुरून झाले का पोरीले आश्रमशाळेत नेऊन टाकतो. दुसऱ्या सत्रात घेऊन राह्यले म्हनते."

मी म्हटलं, "अहो भाऊ, सात वर्षांची आहे ती. तिथं राहायचं, तिथंच झोपायचं. तिला सगळं समजतं हो."

"समजते, मले मालूम हाय. समजून काय करते? बोला नाई लागत?" तो काही रागावून बोलत नव्हता. "हिच्या जनमाच्या वक्ती हिच्या मायले गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं होतं. मले आत येऊ देल्लं नाई. आत सिस्टर विचारे, कुठी दुखते, काय होऊन राह्यलं, अन् हिच्या मायले येक सबद सांगता येईना. मी बाहेर कठड्याले धरून उभा. माही मराठी बाहेर काय कामाची होती? माही पोरगी तशी मुकी राह्याची नाई."

माणूस चुकीचं काहीच सांगत नव्हता. तो स्वतः आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला, तिथंच त्याला मराठी आली, तेव्हा मुलीलाही तिथंच येईल हा त्याचा हिशेब सरळ होता. पण दिवाळीच्या सुट्टीत तिथून घरी आलेली लहान पोरं मी पाहिलेली होती. सुट्टी संपायला आली की ती आयांच्या पदराला कशी चिकटतात तेही पाहिलेलं होतं. आणि सोमारी म्हणजे आज्याची सावली. तिचा आजा, चैतूबाबा, रोज तिला शाळेत सोडायला यायचा. तो म्हणाला, "आश्रमशाळेचं नाव काढलं का माह्या धोतरामांगं लपते, बाई. जेवतबी नाई बरोबर." पटसंख्या एकानं कमी होईल ही भीती मला नव्हती असं म्हटलं तर खोटं होईल. पण मुख्य म्हणजे ती पोर मला सोडायची नव्हती.

देवसूला मी म्हटलं, धान चुरून मळणी उरकेपर्यंत थांबा. तो म्हणाला, तेवढा टाइम तर लागतेच. शाळेच्या ओसरीतून त्याचं खळं दिसायचं. कापलेल्या धानाचं पुंजणं तिथं रचलं जाऊ लागलं, आणि ते उंच होत गेलं तशी मी पोरीला बोलतं करायच्या मागे लागले.

त्याच सुमारास मोबाइलवर आमचं एक प्रशिक्षण झालं. शाळेपासून टेकडीवर चढून गेलं की रेंज यायची, तिथं दगडावर बसून मी ते पाहिलं. त्यात शहरातल्या एका बाईंनी प्रत्येक मुलाच्या गळ्यात अर्ध्या जोडशब्दाची पाटी अडकवली आणि टाळी वाजवली. मुलं धावत सुटली, ज्याचा त्याला जोडीदार सापडला, सगळे हसले. मला ते फार आवडलं. शनिवारी घरी गेले, पुठ्ठे कापले, सुतळ्या ओवल्या, मोठ्या अक्षरांत शब्द लिहिले. सोमवारी वर्गात जाहीर केलं, "आज आपण शब्दांचं लगीन लावायचं."

इथंच माझं चुकलं, पण ते मला तेव्हा कुठं ठाऊक होतं?

मी टाळी वाजवली. दोन-तीन जोड्या लागल्या आणि बाकी सगळा वर्ग उभ्याचा उभा. मला वाटलं वाचता येत नाही. रैनूच्या गळ्यात 'गुरं' आणि सोमारीच्या गळ्यात 'ढोरं', दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर, आणि दोघंही दोन दिशांना बघतायत. मी त्या दोन पाट्या मोठ्यानं वाचून दाखवल्या. रैनूच्या दंडाला धरून त्याला तिच्याकडे सरकवलं. तो पाय रोवून उभा.

"काय झालं रे?"

"बाई, थे माही बहीन होते."

"सख्खी?"

"सख्खी नाई. पन आमी दोघंबी सात देवे."

त्या गावात घराघराचे देव मोजलेले. कोणी चार देवे, कोणी पाच, कोणी सहा, कोणी सात. एका संख्येचे सगळे एकमेकांचे भाऊबंद, आणि सोयरीक करायची ती दुसऱ्या संख्येच्या घराशी. दुसरीतल्या पोरांनाही हे पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ. मी मूलच्या बौद्ध वस्तीत वाढलेली. आमच्या घरी देव मोजायचा प्रश्नच कधी आला नाही. विहारात वंदना झाली, हार घातले, की झालं लग्न. त्यामुळं पोरं काय म्हणतायत हे डोक्यात शिरायला मला जरा वेळ लागला. शिरल्यावर मी हसले आणि समजावलं, "अरे बाबा, तुमचं नाही, शब्दांचं लगीन आहे."

रैनूनं गळ्यातली पाटी दोन बोटांनी उचलून मला दाखवली. "सबद माह्या गळ्यात हाय नं, बाई."

बिनतोड होतं. गुराढोरांचं लगीन माझ्या डोळ्यांदेखत मोडलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, की आता ही बाई काय करते. आणि तेवढ्यात सोमारी हलली. तिनं आपल्या गळ्यातलं 'ढोरं' काढलं, एका सहा देव्या मुलीच्या गळ्यात घातलं, तिची पाटी घेऊन ती भलतीकडेच एकीला दिली. मग तिथून पुढं. वर्गभर फिरून तिनं पाट्यांची अशी अदलाबदल केली की शब्दही बरोबर जुळले आणि देवही आडवे आले नाहीत. एकही शब्द न बोलता. शेवटची पाटी अडकवून झाल्यावर ती आपल्या जागी जाऊन बसली. आणि मी खुर्चीत बसले, कारण या मुलीला सगळ्याच्या सगळ्या पाट्या वाचता येत होत्या, हे मला त्या क्षणी कळलं. इतका आनंद मला नोकरीची ऑर्डर मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

हे तिला कुठून आलं? आज्याकडून. चैतूबाबा गावातला सोयरिकी करणारा माणूस. कोणाच्या घरी मुलगी मागायची असली की पुढे त्याला पाठवायचे, आणि तो जाताना नातीला घेऊन जायचा. संध्याकाळी मी त्याच्या अंगणात जाऊन बसले आणि म्हटलं, "बाबा, सोयरीक कशी करतात ते मला शिकवा. शाळेत करायची आहे."

तो खूप हसला, मग त्यानं मन लावून शिकवलं. "पयले म्हंजे घाई नाई करायची. जोहार घातला का बसाचं. मंग पाऊसपानी विचाराचं, गुरंढोरं विचारायचे, लेकरंबाळं, शेतीवाडी. पोरीचं नाव नाई काढायचं."

"मग मुलगी मागायची कशी?"

"पोरगी नाई मागत कोनी. म्हनाचं, तुमच्या वाडीत डांगर चांगलं हाय म्हनून आयकलं, त्याचं बी मागाले आलो."

"आणि भोपळ्याचं बी द्यायचं नसलं तर?"

"त्यायनं 'नाई' असं नाई म्हनाचं. आमच्या गावात पाहुन्याले कोनी तोंडावर नाई म्हनत नाई. म्हनाचं, बी कवळं हाय, पुढच्या साली या. अन् पान्याचा लोटा समोर ठेवायचा. पाहुन्यानं पानी प्याचं अन् उठायचं. भांडन नाई, राग नाई. दुसऱ्या दिवशी बजारात भेटले का तमाखू मागाची."

त्याच्या अंगणातून खोलीवर येताना मी वाटेत थांबलेच. पाऊसपाणी, गुरंढोरं, लेकरंबाळं, शेतीवाडी. म्हातारा एका दमात माझा अर्धा धडा म्हणून गेला होता, आणि मी पुठ्ठे कापत बसले होते.

दुसऱ्या दिवसापासून वर्गाचे दोन टोले, म्हणजे दोन पाडे, झाले. ओसरीच्या खांबाच्या अलीकडे वरचा टोला, पलीकडे खालचा. एकीकडे पहिले शब्द, दुसरीकडे दुसरे. एका टोल्यातून पाहुणा निघायचा, जोहार घालायचा, चटईवर मांडी घालून बसायचा. "पाऊसपानी बरा हाय?" "बरा हाय." "गुरंढोरं बरे हायेत?" "येक गाय लंगडून राह्यली." इतक्या गप्पा झाल्यावर मुद्दा यायचा. "आमचा 'केर' मोठा झाला. तुमच्या वाडीत 'कचरा' हाय म्हनून आयकलं." पटलं तर कचरा केराच्या शेजारी जाऊन बसायचा आणि फळ्यावर जोडशब्द लिहायचा. नाही पटलं तर "बी कवळं हाय, पुढच्या साली या" आणि लोटा.

पोरांना होकारापेक्षा नकार देण्यात जास्त गोडी. अगदी बरोबर शब्द मागितला तरी मुद्दाम बी कवळं. रैनू वरच्या टोल्याचा पाहुणा असला की खालचा टोला ठरवून त्याला परत पाठवायचा, आणि रीत म्हणजे रीत, तो प्रत्येक वेळी लोटाभर पाणी पिऊन उठायचा. एका सकाळी तो इतकं पाणी प्यायला की मधल्या सुट्टीत खिचडीला पोटात जागा राहिली नाही, आणि सबंध दुपार तो मोहाच्या झाडामागं ये-जा करत होता.

काही सोयरिकी गावानंच मोडल्या. 'भाजी'साठी मी पुस्तकाप्रमाणे 'भाकरी' ठेवली होती. खालच्या टोल्यानं विचारलं, "हे कोनाच्या घरची? आमच्या गावात भाकरी कोनी खात नाई." धानाचा मुलूख, भाताशिवाय घास नाही, म्हणणं खरंच होतं. त्यांनी भाजी भाताला देऊन टाकली. मीही नवा पुठ्ठा कापला. जेवण ज्यांच्या घरचं, जोडशब्द त्यांच्या घरचा.

या सगळ्यात सोमारी कुठं होती? खालच्या टोल्यात, मधोमध. कोण कोणाला द्यायचं, कोणाला परतवायचं, सगळं तीच ठरवायची. रैनूला दुसऱ्या बाजूतून फोडून मी खालच्या टोल्यात आणला तेव्हापासून तर तिनं त्याच्या कानात कुजबुजायचं आणि त्यानं मराठीत बोलायचं असा शिरस्ताच पडला. डोकं तिचं, जीभ त्याची. बाहेर देवसूचं पुंजणं कमी कमी होऊ लागलं होतं. चुरणं सुरू झालं होतं. मी रोज सकाळी शाळा उघडायच्या आधी खळ्याकडे बघायची.

मध्ये एक दिवस रैनू आला नाही. त्याच्या काकानं त्याला वडसाकडे नाटक दाखवायला नेलं होतं. मी मनातून खूश झाले, म्हटलं आज सोमारीबाई बोलतात की नाही बघू. वरच्या टोल्याचा पाहुणा आला, जोहार घालून बसला. खालचा टोला सोमारीकडे बघतोय, सोमारी अंगठ्यानं जमीन कोरतेय. पाहुणा बसून बसून कंटाळला आणि उठून गेला. तीन सोयरिकी तशाच गेल्या. खालच्या टोल्याची पोरं तिच्यावर चिडली, एकीनं तिला ढकललंही. ती रडली नाही, पण मला रडू आलं. मी खेळ बंद केला आणि सगळ्यांना अंगणात पिटाळलं.

त्यानंतर चारेक दिवसांत खळं रिकामं झालं. सकाळी पाहिलं तर नुसतं शेणानं सारवलेलं अंगण आणि कडेला तणशीचा ढीग.

दहाच्या सुमाराला देवसू आला. धुतलेला शर्ट, पायात चप्पल, हातात कापडाची पिशवी. पिशवीतून सोमारीच्या फ्रॉकची झालर दिसत होती. मागे चैतूबाबा, तो आत आलाच नाही, पायरीवर बसला आणि जमिनीकडे बघत राहिला. आमचा खेळ ऐन रंगात होता. चटई रिकामी होती, पाहुण्याची वाट बघणं चाललं होतं. देवसू मला म्हणाला, "बाई, दाखला द्या. अकराची गाडी हाय."

मी काही बोलायच्या आत रैनू म्हणाला, "जोहार भाऊ, बसा." त्याला काय, घरी आलेला माणूस म्हणजे पाहुणा. देवसूला हसू आलं. तो चटईवर टेकला. मग त्यानं मुलीकडे पाहिलं आणि मराठीतच म्हणाला, "चाल माय."

सोमारी उठली. मला वाटलं, निघाली. ती माठाकडे गेली, लोटा भरला, पण लगेच पुढं आणला नाही. आधी बापासमोर मांडी घालून बसली. रैनू सवयीनं तिच्या तोंडाशी कान घेऊन गेला. तिनं त्याचा कान हातानं बाजूला केला.

"पाऊसपानी बरा हाय?" ती म्हणाली.

आवाज अगदी बारीक, पण शब्द स्वच्छ. देवसू मग हळूच म्हणाला, "बरा हाय."

"धान चुरून झाले?"

"झाले."

"गुरंढोरं बरे हायेत?"

"बरे हायेत."

"लेकरंबाळं?"

त्यानं दुपट्ट्यानं तोंड पुसलं. "येक पोरगी हाय," तो म्हणाला. "बोलत नाई म्हनून लय फिकर होती."

"काऊन आले?"

इथं तो हसून उठला असता, पोरीला कडेवर घेऊन गेला असता, तरी कोणी त्याला अडवलं नसतं. बाप होता. पण तोही चैतूबाबाचाच मुलगा. त्यानं पिशवी मागे सारली, सरळ बसला आणि म्हणाला, "तुमच्या वाडीत डांगर चांगलं हाय म्हनून आयकलं. बी मागाले आलो."

"बी कवळं हाय," सोमारी म्हणाली. "पुढच्या साली या." आणि तिनं लोटा दोन्ही हातांनी उचलून त्याच्यापुढे ठेवला.

देवसूनं लोटा उचलला. सावकाश, सगळा, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. तोंड पुसलं आणि उठला. मला म्हणाला, "दाखला राहू द्या, बाई." त्याचे डोळे ओले होते आणि तो हसतही होता. पायरीवरचा म्हातारा त्याला म्हणाला, "मी इतक्या सोयरिका केल्या, पन इतकं साफ मलेबी कोनी परत पाठवलं नाई." मग म्हातारा आणि देवसू दोघेही हसत हसत गेले. पिशवी घेऊन गेले. दुपारी सोमारीची आई शाळेत आली. तिनं मला काही सांगितलं ते गोंडीत होतं, मला सगळं कळलं नाही, पण माझा हात तिनं बराच वेळ सोडला नाही.

सोमारी त्यानंतर धबधबा बोलायला लागली असं नाही. जेवढं लागेल तेवढंच बोलायची, पण स्वतःच्या तोंडानं. तिसरीत तिनं मला दवाखान्याचा खेळ मागितला. कोणी सिस्टर व्हायचं, कोणी आजारी, आणि कुठं दुखतं ते मराठीत सांगायचं. बापानं तिला ती गोष्ट सांगितली होती की नाही, मी विचारलं नाही. सिस्टर नेहमी तीच.

आणि देवसू? रीतीला पक्का माणूस. पुढच्या साली या म्हटलं होतं, तर पुढच्या साली धान चुरून झाल्यावर तो खरंच आला. धुतलेला शर्ट घालून चटईवर बसला, पाऊसपाणी विचारलं, डांगराचं बी मागितलं. सगळा वर्ग त्या दिवसाची वाट बघत होता. बी कवळं होतं. पाणी प्यायला आणि गेला. ती चौथीत असताना पुन्हा आला, पुन्हा तेच. तोवर आजूबाजूच्या टोल्यांतली माणसंही ते बघायला ओसरीच्या कडेला येऊन बसायची, आणि मला सगळ्यांसाठी चहा करावा लागायचा.

आमची शाळा चौथीपर्यंतच, पुढे आश्रमशाळाच. निकाल लागला त्या दिवशी मोहाखाली पोरं गुणपत्रकं घेऊन नाचत होती. देवसू आला. धानाचे दिवस नव्हते, पण शर्ट तोच होता. चटई घातली. पाऊसपाणी झालं, गुरंढोरं झाली. त्यानं बी मागितलं. सोमारी आता उंच झाली होती, दोन वेण्या घालायची. तिनं बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बी पिकलं हाय," ती म्हणाली. "घेऊन जा."

बी कवळं आहे, असं म्हणायला माझे ओठ हलले होते, अगदी खरं सांगते. ती उठली, माठाकडे गेली आणि भरलेला लोटा या वेळी माझ्यापुढे आणून ठेवला. मी सगळं पाणी प्यायले आणि तिचा दाखला लिहायला उठले.